तक्ता क्रमांक तीन

४ जून

ठमाबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील. घाबर थोडी. मी जिवंत आहे, चालतीफिरती आहे, तुझ्या भावजींवर ओरडतेही आहे. फक्त मला ऐकू येत नाही.

नीट सांगते. एप्रिलच्या शेवटी मला लघवीचा संसर्ग झाला. तो रक्तात गेला आणि ताप एकशेचारवर चढला. माझी मूत्रपिंडं किती वर्षं कुरकुरताहेत ते तुला माहीतच आहे. अकरा दिवस इस्पितळात होते. तू तेव्हा त्या परिषदेत होतीस, म्हणून मीच ह्यांना दम भरला, तिला कळवाल तर बघा. बरी होऊन घरी आले. चार-पाच दिवसांनी कानात काहीतरी किरकिरायला लागलं. मग एक दिवस कुकरची शिट्टीच होईना. मी ह्यांना म्हटलं, शिट्टी बिघडलीय, नवीन आणा. बिचाऱ्यांनी आणली. तीही वाजेना. मी तणतण करत मागे वळले, तर हे माझ्याकडे बघत नुसते उभे. कुकर वाजत होता, ठमे. दोन्ही शिट्ट्या चांगल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या तापात असं होतं कधीकधी. म्हणजे तसं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. आता घरात प्रत्येक खोलीत एक पाटी आहे. भांडणसुद्धा लिहून करावं लागतं, आणि ह्यांचं अक्षर असं की अर्धं भांडण वाया जातं.

तेव्हा रविवारचा आपला फोन बंद. मोबाईलवर लिही म्हणशील, पण त्या इवल्याशा पडद्यावर मी एका अक्षराला बोट लावते आणि उमटतात भलतीच तीन. तू पत्र लिहायचंस. कागदावर, सुवाच्य अक्षरात, डॉक्टरी अक्षरात नाही.

एक आनंदाची बातमी. ग्रंथालयातली नोकरी सुटली तरी खोड सुटलेली नाही, त्यामुळे परवा तिथे जाऊन तुझ्या लेखांची ती वही पुरी करून आले. तुझे एकूण लेख त्रेसष्ट. आणि आपल्या लाडक्या लेखाचा संदर्भ आजवर किती जणांनी दिला? एक हजार एकशे अठ्ठेचाळीस! बाकीच्या बासष्ट लेखांना मिळून एवढे नाहीत. मी तिथल्या नव्या ग्रंथपालबाईंना सांगितलं, ही माझी धाकटी. बहुतेक फार मोठ्याने सांगितलं, कारण वाचणाऱ्या सगळ्यांनी माना वर केल्या.

तुझी ताई

१३ जून

ताई,

पत्र तीनदा वाचलं. तुझा खूप राग आला आणि मग रडू आलं. परिषद कसली घेऊन बसलीस? मी तिथे एका खोलीत बसून चाळीस लोकांना औषधांच्या मात्रा शिकवत होते आणि तू एकशेचार तापात पडली होतीस.

सुन्न डोकं घेऊन रोज औषधशास्त्राच्या विभागात जाते आणि परत येते. विद्यार्थी काहीतरी विचारतात, मी हो म्हणते. सुट्टी मिळाली की येतेच. सध्या मला संस्थेने पकडून ठेवलंय. ऑक्टोबरात माझा कसलासा गौरव करायचा घाट आहे, त्यासाठी एक समिती माझे लेख आणि संदर्भ मोजते आहे. त्यांना सांगायला हवं, माझ्या ताईकडे वही आहे, तेवढी बघा आणि घरी जा.

एक काम कर. इस्पितळातून सुटताना दिलेला कागद असेल, त्याची छायाप्रत पाठव. कोणतं इंजेक्शन दिलं, किती, आणि किती तासांनी, ते मला बघायचंय. विशेष काही नाही, माझाच विषय आहे म्हणून उत्सुकता. पण लवकर पाठव.

तुझी ठमी

२५ जून

ठमे,

छायाप्रत सोबत आहे. अगं, तुझंच औषध की! ज्याच्यावर तुझा लाडका लेख आहे तेच. दहा दिवस, दर चोवीस तासांनी एक. वॉर्डात एक निळं पुस्तक असतं, कुठल्या आजारात किती औषध द्यायचं त्याचं. त्यात मूत्रपिंड दुबळं असणाऱ्यांसाठी एक तक्ता आहे आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात तुझं नाव. तापाने डोळे उघडत नव्हते तरी मी ते वाचलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं म्हण ना.

आता गंमत ऐक. परवा पुन्हा मोजताना तुझ्या लेखाच्या खाली आणखी एक बारकीशी नोंद दिसली. 'दुरुस्ती' म्हणून. दहा वर्षांपूर्वीची, सहा ओळींची. इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटली याची मला लाज वाटली. तिचा संदर्भ फक्त नऊ जणांनी दिलाय. कसली दुरुस्ती ती? कुणाच्या नावात चूक झाली होती का? वहीत लिहायचं राहिलंय म्हणून विचारते.

बाकी ठीक. म्हणजे ठीक नाही, पण तुला काय सांगायचं. नात बोलायला लागलीय. मी आजारी पडले तेव्हा ती दोन-चार सुटे शब्दच बोलायची. आता म्हणे पूर्ण वाक्यं बोलते. सगळे हसतात तेव्हा मला कळतं की ती काहीतरी बोलली. मग मीही हसते. काल तिने माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि कितीतरी वेळ काहीतरी सांगत होती. मी मान हलवत राहिले. तिला कळलं बहुधा, कारण मध्येच थांबून ती निघून गेली.

ताई

९ जुलै

ताई,

छायाप्रत मिळाली. बघितली. एवढ्या मोठ्या संसर्गात कान जाऊ शकतात, तुझे डॉक्टर म्हणतात ते बरोबर असावं.

दुरुस्तीचं विशेष काही नाही. छपाईत एका तक्त्यातले आकडे वरखाली झाले होते. वहीत लिहिलं नाहीस तरी चालेल.

कानाच्या तज्ज्ञांकडून सगळ्या तपासण्या करून घे. ते इंजेक्शन पुन्हा कुणी देऊ लागलं तर घेऊ नकोस, माझं नाव सांग. नाही, नाव नको सांगूस. नुसतं नको म्हण.

इथे खूप काम आहे म्हणून एवढंच लिहिते.

ठमी

३ ऑगस्ट

ठमे,

तुझं मागचं पत्र म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाटली. गौरवाच्या गडबडीत आहेस, समजू शकते. चढेल थोडं डोक्यात, उतरेलही.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला काहीतरी लावलं आणि आवाज आला की बटण दाबा, असं लिहून दाखवलं. मी बसून राहिले. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. मला वाटलं अजून सुरू केलेलं नाही. तिने मग येऊन कानावरचं यंत्र काढलं, तपासणी संपली होती. कान परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. यंत्र लावून उपयोग नाही, आतल्या नसाच गेल्यात.

त्या रात्री जेवताना मी रडले. हे पाटी शोधायला उठले, मी हात धरून बसवलं. लिहिण्यासारखं काय होतं?

ऑक्टोबरात मी येणार. समोरच्या रांगेत बसणार. तुझं भाषण आधी लिहून पाठव, मी बोट ठेवून वाचत जाईन.

ताई

२२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी सात वेळा सुरू केलं. आता एका दमात लिहिते आणि न वाचता पेटीत टाकते.

तुझे कान तापाने गेले नाहीत. माझ्या तक्त्याने गेले.

अकरा वर्षांपूर्वी तो लेख छापायला पाठवला तेव्हा तक्ता क्रमांक तीनमध्ये रुग्णांचे पाच गट होते. वर निरोगी मूत्रपिंडवाले, सगळ्यात खाली अगदी दुबळे. पुढे तास, आठपासून अठ्ठेचाळीसपर्यंत. लेख तपासणाऱ्याने सांगितलं, निरोगी गट इथे नको, काढून टाका. मी काढला. पहिल्या रकान्यातली वरची ओळ काढली, आणि तासांच्या रकान्यातली खालची. त्यामुळे प्रत्येक गटापुढे त्याच्या वरच्या गटाचे तास येऊन बसले. ज्यांना अठ्ठेचाळीस तासांनी द्यायचं, त्यांच्यापुढे छापलं गेलं चोवीस. आम्ही चार लेखकांनी ते वाचलं. चौघांनी स्पेलिंगं तपासली. छपाईची चूक नव्हती ती, मी तुला खोटं सांगितलं. हात माझा होता.

म्हणजे तुला पाच इंजेक्शनं द्यायची होती. दहा दिली. ते औषध अंगात साचलं की कानाच्या नसा मारतं.

सात महिन्यांनी एका विद्यार्थ्याला शिकवताना ते माझ्या लक्षात आलं. त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. ती छापून आली आणि मी सुटले असं समजले. पण तोवर दोन मोठ्या आढावा-लेखांनी तक्ता उचलला होता. त्यांच्यावरून पाठ्यपुस्तकाने, पाठ्यपुस्तकावरून निळ्या पुस्तकांनी. मूळ लेख कुणी उघडतच नाही, ताई. याने दिला म्हणून तो देतो. मी आजवर त्रेचाळीस ठिकाणी पत्रं पाठवली. अकरा जणांची उत्तरं आली. चौघांनी बदल केला. एकाने मला परिषदेला बोलावलं. चूक कशी पसरते यावर मी एक अख्खा लेख लिहिला, तर त्यात मूळ लेखाचा संदर्भ द्यावाच लागला आणि तुझ्या वहीतला आकडा एकने वाढला.

लेख मागे घ्या म्हणून मासिकाला लिहिलं. ते म्हणाले, बाकी लेख बिनचूक आहे, दुरुस्ती दिलेलीच आहे, नियमात बसत नाही. संचालकांकडे गेले तर ते हसले. म्हणाले, बाई, तुमच्या या एका लेखावर आपला विभाग पहिल्या दहात आहे, कशाला उकरून काढताय?

तू तो आकडा कळवायचीस तेव्हा मी दर वेळी छान म्हणायचे. त्यातल्या किती जणांनी तक्ता घेतला असेल आणि त्यातून किती वॉर्डांत गेला असेल, याचा हिशोब मनात सुरू व्हायचा. तो तक्ता माझ्याच घरी येईल असं मात्र कधी वाटलं नाही.

तुझ्या इस्पितळालाही लिहिलंय. उत्तर आलं. निळ्या पुस्तकाची नवी आवृत्ती दोन वर्षांनी निघेल, तेव्हा विचार होईल. खाली लिहिलंय, आपले लेख आम्हाला नेहमीच मार्गदर्शक ठरले आहेत.

माफी मागायची माझी लायकी नाही. तू काहीही लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

ठमी

२४ सप्टेंबर

ठमे,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

आधी राग सांगते. चुकीचा नाही आला. गट आणि तास वरखाली होणं मी समजू शकते, मी आयुष्यभर पुस्तकं भलत्या फळीवर लागलेली बघितली आहेत. राग आला तुझ्या जुलैच्या पत्राचा. तुझ्या हातात माझा कागद होता, तुला सगळं कळलं होतं, आणि तू लिहिलंस की विशेष काही नाही. मी पुढे दीड महिना तापाला दोष देत बसले. ताई म्हणतेस ना मला? मग?

आता माझं ऐक. मीही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे.

वॉर्डात एक ज्युनिअर डॉक्टर होती. पहिल्या दिवशी ती निळं पुस्तक घेऊन माझ्या पलंगाशी उभी राहिली आणि पुटपुटली, तुमच्या वयाला आणि या किडनीला हे जरा जास्त वाटतंय. सकाळी सरांना विचारते, तोवर एक दिवसाआड देऊ. मला तेव्हा ऐकू येत होतं. मी म्हटलं, दाखव बघू पुस्तक. खाली तुझं नाव. मी तिला म्हटलं, अगं, ही माझी सख्खी धाकटी बहीण. साऱ्या जगाने तिचा दाखला दिलाय, आणि तू कोणाला विचारायला निघालीस? दे बिनधास्त, रोज दे. ती पोर ओशाळली. हसली, आणि पुस्तकात होतं तसं लिहून टाकलं. सरांना विचारलंच नाही तिने.

तिला बरोबर कळलं होतं, ठमे. एकटीला. आणि मी तिला गप्प केलं.

गेल्या आठवड्यात तुझ्या सहा ओळी घेऊन तिथे गेले. ती डॉक्टर दुसरीकडे गेलीय. वॉर्डातल्या सिस्टर भल्या आहेत, त्यांनी माझ्यासमोर पेनने चोवीसचे अठ्ठेचाळीस केले. मी म्हटलं, बाकीच्या मजल्यांवर? त्यांनी हात वर केले. मग मला आत नेऊन कॉम्प्युटर दाखवला. त्यातही तोच तक्ता होता. त्याला पेन लावता येत नाही असं त्यांनी लिहून दिलं. मी बाहेरच्या बाकावर जरा वेळ बसले. माझ्यासमोरून दोन पलंग ढकलत नेले.

भाषणात हे सगळं सांग. संचालकांना नाक मुरडू दे. एवढे डॉक्टर एका जागी पुन्हा तुझं ऐकायला बसणार नाहीत.

ताई

३ ऑक्टोबर

ताई,

तू हट्ट केलास म्हणून झालं असं मनात आणू नकोस. तू नावावर विश्वास ठेवलास, आणि ते नाव माझं होतं. त्या मुलीला मी शोधते आहे. तिला सांगायला हवं की तिचं बरोबर होतं.

भाषण सोबत आहे, मोठ्या अक्षरात. सत्काराचं एक वाक्य आणि मग सगळं तक्त्याबद्दल. कोणते आकडे चुकीचे, कोणते बरोबर, सगळं. तुझं नाव घेतलेलं नाही, 'एक बाई' म्हटलंय. संचालकांनी आधी मागून घेतलं होतं. मी भांडायच्या तयारीने गेले, तर ते म्हणाले, फार हृद्य आहे, लोकांना आवडेल. मला त्याचीच भीती वाटतेय.

सकाळच्या गाडीने ये, मी घ्यायला येते.

ठमी

२९ ऑक्टोबर

ठमे,

सुखरूप पोचले. दोन दिवस तुझ्या घरी होते, पण तुझ्यासमोर पाटीवर हे लिहायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र.

तू बोलत होतीस तेव्हा मी बोट ठेवून वाचत होते. तू जरा भरभर बोललीस बहुधा, मी मागे पडले. माझं बोट 'दर चोवीस तासांनी' या शब्दांवर होतं तेव्हा माझ्या खुर्चीला हादरा बसला. वर बघितलं तर सगळे उभे. टाळ्या वाजवत होते. मागे वळून पाहिलं, शेवटच्या रांगेपर्यंत उभे. काही जण डोळे पुसत होते. तू व्यासपीठावर हात हलवून त्यांना बसा बसा सांगत होतीस, तुझे ओठ मला दिसत होते, 'ऐका, अजून आकडे सांगायचेत.' कुणी बसलं नाही. मग संचालक पुढे आले आणि त्यांनी तुझ्या खांद्यावर शाल टाकली. बरोबर आकड्यांचं पान राहूनच गेलं, हो ना? मी नंतर तुला विचारलं नाही. तुझा चेहरा बघितला होता.

माझ्या शेजारी एक पन्नाशीचे डॉक्टर होते. कुठल्याशा मोठ्या इस्पितळात औषधांचा विभाग बघतात, छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्याच कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं, 'तुमच्या भगिनींचा प्रामाणिकपणा थोर आहे.' मी मान हलवली. मग खाली लिहिलं, 'आम्ही नवीन पुस्तिका काढतोय. त्यांचा तो तक्ता कुठे मिळेल?'

मी लिहिलं, तो चुकीचा आहे. त्यावरच तर एवढं बोलली ती. दुरुस्ती बघा. आणि दुरुस्तीचं वर्ष, पान, सगळं लिहून दिलं. मला तोंडपाठ आहे. त्यांनी वाचलं, हसून हो हो केलं, हात जोडले. मग खिशातून डायरी काढून लिहू लागले. मी डोकावून बघितलं. आधी तुझं नाव, मग मूळ लेखाचं नाव, मग वर्ष, आणि त्याच्यापुढे 'तक्ता ३'. दुरुस्तीचं काही नाही.

मी त्यांच्या हातातून डायरी ओढली आणि ते पान फाडलं. अख्खं. बहुतेक मी ओरडलेही असेन, कारण माझा घसा दुखत होता आणि आजूबाजूचे टाळ्या थांबवून माझ्याकडे बघायला लागले होते. ते गृहस्थ रागावले नाहीत गं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मला खुर्चीवर बसवलं, कुणालातरी पाणी आणायला सांगितलं. मग माझ्यापासून थोडं लांब उभं राहून त्यांनी डायरीचं नवीन पान उघडलं आणि शेजाऱ्याला विचारून पुन्हा लिहून घेतलं.

तुझी ताई